अक्काच्या पलंगाखालचं माप

लेव्हलकाकांना चहाला बोलावणं म्हणजे आपल्याच फरशीची अब्रू चव्हाट्यावर मांडणं. चहा गोड आहे की फिका, याचं त्यांना सोयरसुतक नसे. तो कपात कुठल्या बाजूला चढलाय, ते आधी बघणार. बायको म्हणायची, लग्नाच्या फोटोतसुद्धा हे माझ्याकडे नाही, मागच्या खांबाकडे बघतायत. नोकरीत उभा जन्म रस्ते आणि पूल मोजण्यात गेला. निवृत्तीनंतर स्वस्थ बसतील तर ते काका कसले! ते लोकांच्या घरांचे पाये मोजू लागले. भिंतीला तडा गेला, दार अडकायला लागलं की लोक त्यांना बोलवत. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक चौकटीला बांधायचं, दुसरं हातात धरून खोल्यांतून फिरायचं आणि फरशी कुठे किती खाली बसलीय ते टिपायचं. मग घरी बसून सारख्या उंचीच्या रेषांचा नकाशा काढायचा. पाया कुठे खचतोय, ते त्या रेषांवरून कळतं.

पण हल्ली त्यांचा हात थरथरायला लागला होता. रेषा काढायला घेतली की ती भलतीकडेच जायची. लेक म्हणाली, बाबा, आता हट्ट पुरे, सॉफ्टवेअर घ्या. काकांनी नाक मुरडलं आणि नेमकी त्याच सुमारास त्यांच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं घर मोजायची वेळ आली.

दाजी गेल्यापासून अक्का त्या घरात एकटीच राहायची. तिच्या स्वयंपाकघराचं दार लागेनासं झालं होतं. तिच्या मुलाने फोनवर सांगून टाकलं होतं की मामाचा नकाशा बघतो; घर ठीक असेल तर आईने खुशाल राहावं, नसेल तर तिला आपल्या फ्लॅटवर घेऊन जाणार. काका मापं घ्यायला गेले तेव्हा अक्का त्यांना एवढंच म्हणाली, "धाकट्या, मला इथून हलवू नकोस." त्यांना कडेवर घेऊन वाढवलेली बहीण ती.

लेकीने तीन सॉफ्टवेअर उतरवून दिली. वापरून बघा म्हणाली, जे आवडेल ते ठेवू. पहिलं भलतंच रंगीबेरंगी होतं. त्यात अक्काचं घर इतकं सपाट आणि देखणं दिसलं, की नवंकोरं बांधलंय असं वाटावं. दुसऱ्याने इतके प्रश्न विचारले, की काकांना आपण काहीतरी चोरून आलोय असं वाटायला लागलं. ते त्यांनी तिथल्या तिथे बंद केलं. तिसरं करडं आणि रुक्ष होतं. त्यात अक्काच्या खोलीतल्या रेषा एकीच्या पोटात एक अशा शिरत गेल्या होत्या आणि मधोमध वाटीसारखा खड्डा पडला होता, बरोबर तिच्या पलंगाखाली.

काका चक्रावले, कारण तिथलं माप त्यांनी घेतलंच नव्हतं. अक्का गुडघा धरून पलंगावर पडली होती आणि थोरल्या बहिणीला ऊठ म्हणायला त्यांची जीभ रेटली नव्हती. हाताने नकाशा काढताना अशी जागा ते अंदाजाने भरायचे, तशीच इथेही भरली जाईल असं ते धरून चालले होते. लेक म्हणाली, बरोबरच आहे बाबा, ही पण अंदाजच करतात. पहिलं आजूबाजूच्या मापांची सरासरी काढतं, आणि तिसरं आजूबाजूचा उतार कुठे चाललाय ते बघून तसंच पुढे जातं. म्हणजे प्रश्न आपल्याला कुठला अंदाज हवा एवढाच होता. काकांना पहिला हवा होता आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिसरं पुन्हा उघडलं. आकडे तेच होते, पण खड्डा कालच्यापेक्षा खोल दिसत होता. लेकीने सगळं तपासलं, एकही आकडा बदललेला नव्हता. कुठलं तरी बटण दाबलं गेलं असेल म्हणाली, पण मग तीसुद्धा त्या स्क्रीनजवळ बसायला तयार होईना. पहिल्या सॉफ्टवेअरचा सपाट नकाशा भाच्याला पाठवायचा राहू दिला आणि नळी खांद्यावर टाकून काका भर दुपारी अक्काकडे गेले.

अक्का पलंगावरच होती. काकांनी वाकून खाली पाहिलं तर पलंग कलू नये म्हणून चारही पायांखाली कापडाच्या घड्यांवर घड्या होत्या. मधली फरशी खाली गेली होती. त्यांनी बोटाच्या पेराने ती ठोकली. पोकळ फरशी त्यांनी घराघरांत ऐकली होती. ती लगेच बोलते. ही गप्प राहिली. मग जरा वेळाने, श्वास घ्यावा एवढ्या वेळाने, खालून कुणीतरी ठोकलं.

काकांनी चटकन बोट मागे घेतलं.

"रोज देतात उत्तर," अक्का शांतपणे म्हणाली. "हे गेले तेव्हापासून. मी काठी वाजवते, मग हे वाजवतात. म्हणून तुला इथलं माप घेऊ दिलं नाही. माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही."

काकांनी तिला परोपरीने समजावलं, की खाली पोकळी आहे, ती वाढतेय, आज ना उद्या तू पलंगासकट आत जाशील.

"जाईन की. ह्यांच्याकडेच जाईन ना?"

तेव्हा मात्र काकांचा बांध फुटला. एवढा पांढऱ्या केसांचा माणूस, बहिणीचे पाय धरून हमसून हमसून रडायला लागला. "आणि मी? तू गेलीस तर मला धाकट्या म्हणणारं कोण उरलं, अक्का?"

अक्काने त्यांच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. मग उशाची काठी घेत म्हणाली, "थांब, ह्यांना विचारते. जा म्हणाले तर येते."

तिने काठी उचलली. ती अजून हवेतच होती, फरशीला टेकलीसुद्धा नव्हती, आणि खालून ठक् असा आवाज आला.

अक्काचा हात तसाच राहिला. मग तिने काठी भावाच्या हातात दिली, डोळे पुसले आणि पलंगावरून उतरली.

"जा म्हणतात," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.