मूळ पाहिलंत?

नाना गर्ग्यांशी माझी पहिली भेट मेथीवरून झाली. म्हणजे मी गेलो होतो माझा पहिलावहिला संशोधनपर लेख घेऊन, पण गेल्या गेल्या तो पुढे करणं बरं दिसेना, म्हणून म्हटलं, "मेथी फार महागली म्हणतात."

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. "कोण म्हणतात?"

"लोक... म्हणतात."

"तुम्ही बाजारात गेला होतात?"

"नाही. रस्त्यात ऐकलं."

"मग रस्त्यात ऐकलं असं म्हणा की! ऐकलं तर ऐकलं म्हणावं, वाचलं तर वाचलं. त्यात लाज कसली?"

आतून त्यांच्या पत्नीचा, माईंचा आवाज आला, "महागलीय हो. सकाळी मीच आणली."

"हां," नाना म्हणाले, "हा आधार झाला."

ही एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. नाशकात आमच्या इतिहास मंडळाचं एक जुनं त्रैमासिक निघे आणि पेन्शनीत निघालेले नाना त्याचे संपादक होते. जन्मभर शाळेत इतिहास शिकवून झाल्यावर आता त्यांनी मोठी माणसं शिकवायला घेतली होती. लेख कितीही भारदस्त असो, नाना तो शेवटाकडून वाचत. आधी संदर्भसूची, मग टिपा, आणि त्या पटल्या तरच लेख. एकेका नावावर बोट ठेवून विचारत, "मूळ पाहिलंत?" म्हणजे तो ग्रंथ स्वतः उघडून ते पान वाचलंय, की दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातली टीप उचललीय? गावातल्या एका नामांकित वकिलांचा लेख त्यांनी एका वाक्याला आधार नाही म्हणून परत पाठवला होता. तेव्हापासून वकीलसाहेब नाना कधी चुकतात याची वाट पाहत होते.

माझा लेख निफाडकडच्या बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवर होता. लेख जेमतेमच, पण सूची अशी, की पाहणाऱ्याने दबून जावं. इतरांच्या पुस्तकांच्या तळाशी दिसलेली झाडून सगळी नावं मी उतरवून काढली होती. त्यात एक जर्मन ग्रंथही होता.

"यातलं एखादं वाक्य म्हणून दाखवा ना," नाना अगदी मायेने म्हणाले. "माईलाही बोलावतो. आमच्या घरात अजून कोणी जर्मन ऐकलेलं नाही."

माई खरोखरच पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. मला एवढा घाम फुटला की त्यांनीच दया येऊन पाणी आणून दिलं.

सूचीचा क्रमही मी मानाप्रमाणे लावला होता. आधी साहेब, मग रावबहादूर, मग बाकीची रयत. नानांनी कात्रीने यादीच्या पट्ट्या कापल्या आणि चटईवर, मी बसलो होतो त्या खिडकीकडच्या बाजूला मांडल्या. "मान पंगतीत बघा. इथं वर्णक्रम. 'अ'चा कारकून 'क'च्या कलेक्टराच्या डोक्यावर बसतो." ज्या पट्टीचं मूळ मी पाहिलेलं नव्हतं ती वेगळी काढली. तो ढीग बंबाशेजारच्या टोपलीत गेला. दुसऱ्या दिवशी नानांच्या आंघोळीचं पाणी माझ्या विद्वत्तेवर तापलं.

मग मी मुळांच्या मागे लागलो. माझ्या लेखात एकच वाक्य खरं देखणं होतं: एक बारव म्हणे नाशिकच्या एका तांबटाच्या विधवेने अंगावरचे दागिने मोडून बांधली. ते मी एका नव्या पुस्तकातून घेतलं होतं. त्या पुस्तकाने जुन्याकडे बोट दाखवलं, जुन्याने त्याहून जुन्याकडे. मी प्रत्यक्ष बारवेवरही जाऊन आलो. तिथला मोटकरी म्हणाला, "कोणी बांधली ते आमाला नाय ठावं. लय जुनी हाय. पाणी मातर गोड हाय." हा आधार फार तर पाण्यापुरता चालला असता.

शेवटी सर्वांत जुन्या पुस्तकाने मला आमच्याच त्रैमासिकाच्या पहिल्या अंकाकडे धाडलं. वाचनालयात तो उघडला. वाक्य होतं, खाली टीप नव्हती. लेखक: गर्गे.

आधी मला हसू फुटलं. मग वकीलसाहेबांचा चेहरा आठवला. मी ते वाक्यच गाळून लेख नानांकडे नेला.

"तांबटीण कुठं गेली?" नानांनी लगेच विचारलं.

"काढली. मूळ सापडलं, पण त्यात आधारच दिलेला नाही."

"लेखक कोण?"

"आहेत एक... मास्तर."

"मास्तर लोकांवर विसंबूच नये. वर्गात कोणी उलट विचारत नाही, त्यामुळे सवय बिघडते. नाव सांगा."

"गर्गे."

आत माई खळखळून हसल्या. नाना हसले नाहीत. उठून त्यांनी फळीवरून तो अंक काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"लहानपणी आजोळी जाताना बैलगाडी तिथं विसाव्याला सुटायची," ते म्हणाले. "आई मला दुसऱ्या पायरीवर बसवून ओंजळीनं पाणी पाजायची आणि ही गोष्ट सांगायची. लेख लिहिला तेव्हा ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. टीप काय देणार, 'आईने सांगितले'? विद्वान हसतील म्हणून जागा कोरी ठेवली."

"नाना, ओळ गेलीय. कोणाला कळायचं नाही."

"आणि जिथं जिथं ती छापून बसलीय तिथून कोण काढणार? शिवाय लाज मला वाटली, तर तिला का हाकलता? घाला परत. ऐकलं म्हणून घाला."

टीप त्यांनीच सांगितली: ही गोष्ट संपादकाने पूर्वी आधाराविना छापली, ती त्याने आईकडून ऐकली होती, अन्य पुरावा नाही. मग एक कोरी पट्टी घेऊन लिहिलं, 'गर्गे, यमुनाबाई. तोंडी माहिती. निफाडच्या वाटेवरील बारव.' इथे हात थांबला. "पान?" त्यांनी स्वतःलाच विचारलं, आणि लिहिलं, 'पायरी दुसरी.'

वर्णक्रमाने ती पट्टी कलेक्टर आणि रावबहादूर यांच्या मधोमध बसली. माई वाकून बघत म्हणाल्या, "सासूबाई साहेबाच्या मांडीला मांडी लावून बसल्या की!" आता मात्र नाना हसले, आणि चष्मा पुसायला घेतला. नानांच्या आईचं नाव तोवर कुठेच छापून आलं नव्हतं.

अंक निघाला. मंडळाच्या बैठकीत वकीलसाहेब उठलेच. "संपादकांच्या मातोश्रीही इतिहासकार निघाल्या म्हणायच्या!" मोठा हशा झाला. मी खुर्चीखाली जागा शोधू लागलो.

नाना शांतपणे म्हणाले, "चूक माझी, ती छापलीय. आईचं फक्त नाव छापलंय. तुमच्या मातोश्रींनी काही सांगितलं असेल तर तेही आणा वकीलसाहेब, पायरीसकट छापू."

पुढच्या वर्षी वकीलसाहेबांचा लेख आला. सूचीत त्यांच्या एक आत्याबाई होत्या. नानांनी तो एका बैठकीत पसंत केला.

अखेरच्या दुखण्यात मी नानांना भेटायला गेलो. धीर द्यायचा म्हणून म्हटलं, "नाना, लवकर बरे व्हाल म्हणतात."

"कोण म्हणतात?" आवाज खोल गेला होता, पण भुवई तशीच वर चढली.

मी उगाच त्यांचं पांघरूण सारखं केलं. त्यांनी माझा हात थोपटला, जर्मनच्या वेळी माईंनी पाणी दिलं होतं त्याच मायेने.

त्यानंतर मी पुष्कळ लिहिलं, त्यातलं बरंचसं बंबात घालण्याजोगं. पण न वाचलेल्या पुस्तकाचं नाव लिहायला हात पुन्हा धजला नाही, आणि कुणाकडून ऐकलेलं आपलं म्हणून खपवायलाही नाही. हे लिहून झाल्यावरही खालची जागा कोरी दिसली आणि चैन पडेना. तेव्हा त्यांच्याच रीतीने:

गर्गे, नाना. तोंडी माहिती. त्यांच्या घरची चटई, खिडकीकडची बाजू. मूळ पाहिले आहे.