रेकॉर्ड संपेपर्यंत

आमच्या घरी आलेल्या त्या नव्या यंत्राचं कौतुक सगळ्यांनी केलं. एकटी मी सोडून.

मुलीने बंगळुरूहून रेकॉर्ड प्लेअर पाठवला होता. खोका उघडायला शेजारच्या भाभी हजर, आणि आमच्या यांनी तर त्याला हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं. यांनी जुन्या भजनांची रेकॉर्ड लावली. एक बाजू वाजून संपली, आणि कोणी हात न लावता ती पिनेची दांडी उचलली गेली, मागे सरकली, रेकॉर्डच्या कडेवर अलगद जाऊन बसली. पहिलं भजन पुन्हा सुरू. भाभींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर काटा आला. माणसाशिवाय माणसाचं काम होताना पाहून मला कधी बरं वाटलेलं नाही.

व्हिडिओ कॉलवर मुलगी मला समजावत होती, "मम्मी, फायदा देखो ना. रिपीट का बटन दबा दो, बस. बाबा को बार-बार उठना ही नहीं पड़ेगा." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. रायपुरात वाढलेल्या आमच्या सगळ्याच पोट्ट्यांचं तसं आहे. मी म्हटलं, "हो बाई, लई फायदा आहे." आणि चहा ठेवायला आत निघून गेले, कारण मला त्या यंत्राची भीती कशासाठी वाटते, हे तिला सांगून कळलं नसतं.

ते मी इथे सांगते. आमचं घर रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात, आगगाडीच्या डब्यासारखं लांब. समोर बाहेरची खोली, तिला लागून ओटा आणि गल्ली. मागे स्वयंपाकघर. हे रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाल्यापासून बाहेरच्या खोलीत रेकॉर्डी ऐकत बसतात आणि मी मागे असते. जुन्या प्लेअरमध्ये बाजू संपली की पिन शेवटच्या रेघेत फिरत राहायची, खर्र, खर्र, खर्र. मग खुर्ची वाजायची, हे उठायचे, वाकून रेकॉर्ड उलटायचे. इतकी वर्षं मी ते आवाज ऐकत भाज्या चिरल्या. लक्ष देऊन नाही. पंखा चालू आहे हे जसं आपल्याला माहीत असतं, तसं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी खर्र खर्र सुरू झालं आणि थांबेचना. मी आधी वैतागलेच. "अहो, झोप लागली काय?" म्हणून हाक दिली. मग खुर्ची का वाजत नाही, हे मनात आलं आणि हातातली कढई तशीच गॅसवर सोडून मी धावले. हे खुर्चीत घामाने न्हालेले, तोंड पांढरं, डावा हात मांडीवर मेल्यासारखा. भाभींच्या मुलाने गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. सगळे देवाचे आभार मानत होते. मी त्या खर्र खर्रचे मानत होते.

आणि आता घरात असं यंत्र आलं होतं की ज्यात खर्र होतच नाही. माणूस खुर्चीत असो, नसो, काहीही झालेलं असो, गाणं आपलं चालूच. हाच त्याचा फायदा म्हणून सगळे मला सांगत होते.

मग मी पाहायला जायला लागले. दर थोड्या वेळाने. आधी पाण्याचा ग्लास घेऊन, मग रिकामा ग्लास न्यायला, मग खिडकी लावायला, मग तीच उघडायला. पडद्याआडून आधी छाती पाहायची. शर्ट हलतोय का? हलला की परत. डॉक्टरांनी यांना थोडं थोडं चालायला सांगितलं होतं. ते 'थोडं' किती, हे मी ठरवलं होतं: खुर्चीपासून ओट्यापर्यंत. त्याच्या पुढे मी पाऊल टाकू दिलं नाही. हे चिडायचे, पण अशक्तपणामुळे चिडण्यात दम नव्हता.

दम यायला लागला तसा एक दिवस भडका उडाला.

"काय पाहून राहिली तू घडीघडी?"

"मी पेपर घ्याले आली."

"पेपर कालचा आहे. आणि मघाशीबी तोच नेला तू. जिवंत आहो ना मी! मेलो तर सांगतो तुले."

मेलो हा शब्द ऐकून मी रडायलाच लागले. ते पाहून हे नरमले, आणि आमचा तह झाला. तह यांनीच सांगितला. रेकॉर्ड चालू आहे तोपर्यंत मी बाहेरच्या खोलीत पाय टाकायचा नाही. रेकॉर्ड संपली की ये, छाती पाहा, नाडी पाहा, काय पाहायचं ते पाहा. मी डोळे पुसत हो म्हटलं. रडण्याच्या भरात माझ्या डोक्यात रेकॉर्ड म्हणजे अजून जुन्या प्लेअरवरचीच, संपणारी वस्तू होती.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर यांनी भजनांची रेकॉर्ड लावली आणि रिपीटचं बटन दाबलं.

मी स्वयंपाकघरात वाट पाहत बसले. बाजू संपली. मी पदर सावरून उठले. टक् असा बारीक आवाज झाला, मग जरा वेळ काहीच नाही, आणि पहिलं भजन पुन्हा सुरू. मी खाली बसले. पुन्हा तेच. पुन्हा उठले, पुन्हा बसले. संध्याकाळी हे स्वतःच चहा मागायला आले तेव्हा चेहरा असा साळसूद की काही बोलायची सोय नाही. तह मोडला असता तर मीच खोटी ठरले असते, आणि खोटं पडणं मला जमत नाही, माझ्या माहेरी तो गुणच नाही.

त्या दुपारी फार वाईट गेल्या. भजनं देवाची, गळा सुरेख, आणि मला त्यांची भीती बसली. कोणत्या भजनानंतर कोणतं, कुठे तबला चुकल्यासारखा वाटतो, कुठे बाई श्वास घेते, सगळं पाठ झालं. त्या बाईचा श्वास मला ऐकू यायचा आणि यांचा नाही. बाजू संपून दांडी मागे जाईपर्यंत जी शांतता असायची, तिच्यात मी लाटणं हातात धरून उभी राहायची. खोकला येईल, खुर्ची वाजेल, जांभई तरी देतील. कधी यायचा खोकला. तेव्हा जीव भांड्यात पडायचा, पण पुढच्या फेरीपर्यंतच.

मग मला एक युक्ती सुचली. मी मुद्दाम चिमटा खाली पाडायची. लगेच बाहेरून यायचं, "काय पाडलं गं?" मी म्हणायची, "काही नाई, चिमटा." आणि सुखाने कणीक मळायला घ्यायची. कधी झारा, कधी झाकण. यांना वाटलं असेल, बायकोच्या हातातली शक्ती गेली. वाटू दे म्हटलं.

पुढे पुढे उत्तरं येईनाशी झाली. मी समजले, कंटाळले असतील.

त्या दिवशी मी तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीची, भाजी निवडत होते. थंडीत इकडे बाजारात दुसरं काही दिसत नाही, आणि ती कोवळी पानं निवडायला अख्खी दुपार जाते. भजनं दुसऱ्यांदा फिरून आली तेव्हा मला जाणवलं की बराच वेळ खोकला नाही. मी चिमटा पाडला. उत्तर नाही. झाकण पाडलं, ते गोल फिरत बराच वेळ वाजत राहिलं. उत्तर नाही. मग मी पितळी पातेलंच सोडलं हातातून. त्या आवाजाने भिंतीपलीकडून भाभी ओरडल्या, "क्या हुआ, दीदी?" आणि आमच्या घरात मात्र बाई तेवढी गात होती.

मी मधल्या खोलीत आले. पडदा समोर होता. हात लावला की झालं. पण हात उचलेना. मला वाटलं, मी पाहिलं नाही तोपर्यंत काही झालेलं नाही. पडद्याच्या अलीकडे अजून मी सवाष्ण आहे, पलीकडे काय आहे कोणाला माहीत. असलं काही माझ्या मनात आलं याची लाज वाटावी, पण लाज वाटायलासुद्धा जागा नव्हती, इतकी मी भ्याले होते. भजन संपलं. टक् झालं. त्या शांततेत मला वाटलं, आता कोणीतरी श्वास घेतल्याचं ऐकू येईल. नाही आलं. मी पडदा ओढला.

खुर्ची रिकामी होती.

समोर दांडी आपली आपण मागे गेली, कडेवर टेकली, आणि रिकाम्या खुर्चीला भजन ऐकवायला लागली. मी आधी खुर्चीमागे पाहिलं, जमिनीवर. मग बाथरूम. मग ओटा. मोबाईल टेबलावर पडलेला, चष्म्याचं घर शेजारी. दार नुसतं लोटलेलं. चपला नव्हत्या. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की हे बाहेर गेलेत, एकटे, खिशात गोळी आहे की नाही देव जाणे.

मी पायात काही न घालता गल्लीत आले. डावीकडे जावं की उजवीकडे? एका स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला, त्याला मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. भाभी दारात आल्या. "भाईसाहब तो अभी गए ना, तालाब की तरफ," त्या सहज बोलून गेल्या. अभी! मी पळत सुटले. साठी उलटलेली बाई गल्लीतून पळते तेव्हा लोक बाजूला होतात, हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक वळणावर मला वाटत होतं, आता गर्दी दिसेल, गर्दीच्या मध्ये खाली पडलेल्या चपला दिसतील.

बूढ़ा तालाबाशी चहाचा ठेला आहे. त्याला विचारलं, पांढरा शर्ट, चॉकलेटी स्वेटर, असे असे कोणी? तो कप विसळत म्हणाला, "हव, बाबूजी उधर बैठे हैं. रोज बैठते हैं."

रोज! माझी भीती होती तिथेच राहिली आणि वरून संताप चढला.

हे पाण्याकडे तोंड करून बाकावर बसले होते. जवळ गेले तर डोळे मिटलेले, हनुवटी छातीवर. स्वेटर जाड होता, शर्ट हलतोय का ते दिसेना. मी तशीच उभी. मग यांनी मिटल्या डोळ्यांनीच हात वर नेला आणि मान खाजवली. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नसेल.

आणि मग मी तोंड सोडलं. काय काय बोलले! खोटारडे म्हटलं, पोट्टे म्हटलं, भजनं लावून बायकोला फसवता, देव पाहते म्हटलं. बाजूच्या बाकावरचे लोक उठून गेले. माझं संपल्यावर हे हळूच म्हणाले, "चालाले सांगतलं होतं डॉक्टरनं."

"ओट्यापर्यंत!"

"ओट्यापर्यंत तू सांगतलं."

"मग मले सांगून याचं होतं. मी आली असती संग."

"म्हणूनच नाई सांगतलं," हे म्हणाले. आणि पाण्याकडे पाहत, जड जिभेने, एकेक शब्द काढत बोलले. "तू कशी पाहतं माह्याकडे, तुले मालूम नाई. पडद्यातून तुह्यं तोंड दिसते ना, मले वाटते, काहीतरी दिसून राहिलं हिले. मले दिसत नाई ते. मग माह्यी छाती धडधडते. खरंच दुखाले लागते. दवाखान्यात नाई भेलो मी तेवढा घरात भेतो. इथं कोणी पाहत नाई. इथं मी ठीक असतो."

यांना दुखू नये म्हणून मी पाहत होते, आणि माझ्या पाहण्यानेच दुखत होतं. रागवायला माणूस हवा होता तो समोर होता, पण राग कुठे गेला कळेना. मी म्हटलं, "बरं. बसा तुम्ही. मी जाते घरी. नाई पाहत." आणि वळले.

वळले तेव्हा जमीन जराशी हलली. पळून आले होते, दुपारची बीपीची गोळी घ्यायची राहिली होती. मी बाकाच्या पाठीला हात लावून थांबले. थंडी असून ब्लाउज पाठीला चिकटला होता. धाप काही केल्या बसेना.

"काय झालं?" हे उठून उभे राहिले. "काहून थांबली? काही होऊन राहिलं का तुले?"

"काही नाई. धाप लागली."

"बस. बस इथं. घाम काहून आला इतका?"

मी वर पाहिलं. हे माझ्या तोंडाकडे पाहत नव्हते. माझ्या छातीकडे पाहत होते, पदर हलतो की नाही ते. डोळे बारीक केलेले, तोंड अर्धवट उघडं, श्वास रोखलेला. माझ्यातलं काहीतरी त्यांना दिसत होतं आणि मला ते दिसत नव्हतं. माझी छाती जोरजोरात धडधडायला लागली, आणि तिथेच, डाव्या बाजूला, खरोखरच बारीक दुखलं.

"अहो," मी म्हटलं, "असे नका पाहू माह्याकडे."