मंगळवारी सांगितलेलं मटण

साताऱ्याहून सकाळी नऊला निघालो तेव्हा आबांच्या हातात डबा नव्हता. गेल्या दोन वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

कबुली आधीच देऊन टाकतो. प्रवासात चांगलं जेवण शोधायचं मला वेड आहे. दिसेल तिथं बसणं मला जमत नाही. पुढं याहून बरं मिळेल असं वाटत राहतं. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यानं वडिलांना, म्हणजे आबांना, सांगलीजवळ माधवनगरला आत्याकडं नेत होतो. विट्यात तीन खाणावळी मी मागं टाकल्या, कारण मला तासगावच्या अलीकडची एक हवी होती. ती बंद निघाली. आबांना मधुमेह आहे. त्यांची साखर उतरली, अंगाला दरदरून घाम फुटला, मान खांद्यावर कलली. एका रसवंतीवाल्यानं घोटघोट रस पाजला म्हणून निभावलं. सावरल्यावर ते एवढंच म्हणाले, "दिलीप, तुझ्यासंगं जेवायला आता न्हाई यायचो मी."

आबा निवृत्त हवालदार. शब्द म्हणजे शब्द. तेव्हापासून माझ्या गाडीत बसताना ते चपाती-भाजीचा डबा घेत, आणि मी हॉटेलात असताना गाडीतच खात. आत एकट्यानं जेवताना मला काय वाटत असेल, ते लिहीत नाही.

या वेळी फार विनवण्या करून डबा घरी ठेवायला लावला होता. म्हणून आधी महिनाभर चौकशी केली. औंधच्या पुढं, पुसेसावळीच्या वाटेवर रबियाभाभींची खाणावळ आहे, आणि सकाळी फोन केला तरच त्या मटण शिजवतात. ज्याला विचारलं त्यानं हेच नाव घेतलं. निघण्यापूर्वी फोन केला, पुण्याचा आहे म्हणून सांगितलं.

"आज मटण?" त्यांनी विचारलं. थोडं थांबून पुन्हा, "आजच?"

"हो, आजच. दोघांचं," मी ठासून सांगितलं.

रहिमतपूरला स्टँडसमोर चहा घेतला. कांदाभजी कढईतून निघत होती. आबांनी दोनच उचलली. "पोट राखून ठेवलंय तुझ्यासाठनं," म्हणाले. मला बरं वाटायला हवं होतं, धडकीच भरली.

औंधला गाडीरस्त्यानं यमाईच्या डोंगरावर गेलो. वर वारा भणाणत होता. खाली कुठं उसाचे हिरवे पट्टे, कुठं नुसता पिवळा माळ. आबा देवीपुढं बराच वेळ हात जोडून उभे होते. मी घड्याळ बघत होतो.

खाणावळीची पाटी दिसली तसं आबांनी गाडीतच इन्शुलिन टोचून घेतलं. आता अर्ध्या तासात पोटात अन्न जायला हवं होतं. दार उघडून उतरलो आणि रश्श्याचा वास आला. आबा थबकले.

"आज वार कुठला रं?"

मंगळवार होता. देवीचे वार म्हणून मंगळवारी-शुक्रवारी आमच्या घरात मटण शिजत नाही. पुण्यात राहायला गेल्यावर माझं हे पाळणं कधी सुटलं ते मलाही कळलं नाही. खाणावळींची सगळी माहिती काढली होती मी; वार तेवढा बघितला नव्हता.

"तरी मी दोनदा इचारलं," रबियाभाभी दारातून म्हणाल्या. "म्हणलं, पुण्याची माणसं, पाळत नसतील."

"ह्यो पाळत न्हाई. मी पाळतो," आबा म्हणाले.

मी भाभींकडं वळलो. "भाभी, त्यांनी सुई घेतलीय…"

"आवं, मग हुबं काय ऱ्हायलाय? काका, मागं चला."

मागच्या पडवीत दुसरी चूल होती. "यमाईची माणसं येत्यात की ह्या वारांना," त्या पीठ मळताना म्हणाल्या. "त्यांची चूल येगळी, तवा येगळा. सासूनं घातलेली रीत हाय. मटणाचा चमचा जरी हितं आला तर म्हातारी मला जित्ती ठिवायची न्हाई."

पहिली भाकरी तव्यावरून थेट आबांच्या ताटात पडली. दह्यात कुस्करून त्यांनी घास घेतला, तेव्हा कुठं मी खाली टेकलो. मागून पिठलं आलं.

"मीही पिठलंच खातो," मी म्हणालो.

"मटण कुणी सांगितलं?"

"मी."

"मग खा जा. बाईनं सकाळधरनं चूल फुकलीया. आन् माझ्यापुढं पाळायचं नाटक नको."

मटण पडवीत आणायचं नव्हतं. पुढच्या शेडमध्ये मी पुन्हा एकटाच बसलो. रस्सा, खरं सांगतो, आजवरचा सर्वांत चांगला होता. मी मात्र भाकरी नुसती कुस्करत बसलो होतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून आबांचा आवाज आला, "मीठ बरं हाय का रं?"

"बरं आहे, आबा."

"मग गिळ की."

पुढं माधवनगरपर्यंत ते गाढ झोपले. मी प्रत्येक गतिरोधकावर गाडी हळू केली.

दुसऱ्या दिवशी परत निघताना आत्या डबा बांधू लागली. आबांनी तिला हातानंच थांबवलं, माझा फोन मागितला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "भाभी, कालचा हवालदार बोलतोय. आज बुधवार हाय. मटण टाका. आमी दोघं येतोय जेवायला."

चांगल्या जागांची माझी यादी मोठी आहे. ती कुणीही मागावी, आनंदानं देईन. पण ती करताना शेजारी बसलेल्या माणसाला मी कधी काही विचारलं नव्हतं. त्या दुपारी पुढच्या शेडमध्ये आबा माझ्यासमोर बसले. ताटातली नळी त्यांनी उचलली, माझ्या ताटात टाकली आणि भाकरी मोडायला घेतली.