लाईट गेली की जेवायला या

काही किस्से जपून ठेवावे लागतात, काही आपोआप साठतात. आमच्या मजल्यावर चहाला बसलेल्यांपैकी कुणी नुसतं "त्या दिवशी लाईट गेली होती..." एवढं म्हणायचा अवकाश, की उठायला निघालेला माणूसही परत टेकतो!

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये नवव्या मजल्यावर आम्ही तीन मराठी बिऱ्हाडं. आम्ही मोहिते, साताऱ्याचे. समोर साळवी, रत्नागिरीकडचे. शेजारी शेख, सोलापूरचे. दिल्लीत मे-जूनमध्ये आंधी, म्हणजे धुळीचं वादळ येतं, आणि आंधी आली की पहिली लाईट जाते, मग लिफ्ट, मग पाणी. त्यामुळे घरात "इमर्जन्सीचं खाणं" हवंच, यावर तिन्ही घरांचं एकमत. कुठलं हवं, यावर मात्र कधीच नाही!

*

शेखांच्या शमीम वहिनी दर सुट्टीत सोलापूरहून पत्र्याचा मोठा डबा भरून कडक भाकरी आणतात. सोबत शेंगाची चटणी. फ्रिज नको, गॅस नको, महिनोन्‌महिने टिकते.

एकदा ट्रेनमध्ये समोरच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "भाभीजी, इतने सारे पापड?"

वहिनी म्हणाल्या, "पापड टूट जाता है, बहनजी. ये दाँत तोडती है!"

दिल्लीत नव्या होत्या तेव्हा शेखसाहेब टूरवर, स्वतःला ताप, कडेवर लेक आणि घरात फक्त बिस्किटं, अशी वेळ त्यांच्यावर आली होती. तेव्हापासून तो डबा रिकामा होऊ द्यायचा नाही, आणि उगाच उघडायचाही नाही, असा त्यांचा नियम. आम्ही थट्टा करायचो. त्या हसून सोडून द्यायच्या.

*

साळवींची इमर्जन्सी मात्र डीप फ्रीझरमध्ये! रत्नागिरीहून थर्माकोलच्या खोक्यातून सुरमई यायची, आणि साळवी फ्रीझरचं दार उघडून ती आम्हाला बँकेचं लॉकर दाखवावं तशी दाखवायचा.

एका संध्याकाळी आंधी आली, लाईट गेली, ती येईचना. सुरमई पाघळायला लागली. साळवी दारोदार फिरून विनवण्या करू लागला, "यार, खाऊन टाका कुणीतरी!" अख्खा मजला मासे तळायला लागला. पलीकडचे शर्माजी शुद्ध शाकाहारी, पण शेवटपर्यंत टॉर्च धरून कढईपाशी उभे. आम्ही बघतोय म्हटल्यावर म्हणाले, "मैं तो सिर्फ लाइट दिखा रहा हूँ!"

एवढी मेजवानी, पण साळवीचे वडील, आप्पा, दोन घास खाऊन उठले. "भूक नाही" म्हणाले. आई गेल्यावर साळवीने त्यांना गावाहून इथे आणलं होतं. तेव्हापासून रोज हेच. ताट पुढे आलं की "भूक नाही", आणि मग खोलीत जाऊन पंख्याकडे बघत पडायचं.

"वाळत चाललेत रे आप्पा," साळवी मला म्हणाला, "काय करू तेच कळत नाही." मोठा गमत्या माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज बसला होता.

*

माझं मत, साठवायचंच कशाला? ॲप आहे ना, दहा मिनिटांत सगळं दारात!

लाईट गेली. मी ऐटीत मेणबत्त्या आणि ब्रेड मागवला. खरंच दहा मिनिटांत फोन आला, "सर, लिफ्ट बंद है, नीचे आ जाइए." अंधारात भिंत चाचपत नऊ मजले उतरलो. धापा टाकत नऊ मजले चढलो. दारात पोचलो आणि लाईट आली!

बायको ट्यूबच्या उजेडात उभी. म्हणाली, "लावा आता मेणबत्ती, वाढदिवस करू तुमचा!"

*

मग मिसेस साळवींनी तोडगा काढला. प्रत्येकाने सगळं का साठवायचं? वाटून घेऊ! आम्ही सगळे सरकारी नोकर, कामाची वाटणी म्हटली की आम्हाला हुरूप येतो. तांदूळ-डाळ शेखांकडे, पोहे-रवा-साखर साळवींकडे, तेल-मीठ-मसाले आमच्याकडे.

पुढच्याच पावसात खाली गुडघाभर पाणी साचलं, लाईट-लिफ्ट दोन्ही बंद, आणि खिचडी शिजायला ठेवून साळवीने मला फोन लावला.

"मोहिते, मीठ कुठे ठेवलंय?"

"किचनमध्ये, उजवीकडच्या कपाटात."

"आणि घराची किल्ली?"

"माझ्या खिशात."

"आणि तू कुठायस?"

"एलटीसीच्या सुट्टीवर. कन्याकुमारीला!"

फोनवरून त्याला लाटांचा आवाज ऐकू येत होता म्हणे. समोर तीन-तीन खारे समुद्र, आणि इकडे अळणी खिचडी! त्या दिवशी आप्पांनी ताट सरकवलं तर कुणी आग्रहही केला नाही.

*

यंदाच्या आंधीत मात्र कुणाकडेच काही उरलं नव्हतं. फ्रीझरवरचा साळवीचा विश्वास उडालेला, ॲपवरचा माझा, वाटणीवरचा सगळ्यांचाच. संध्याकाळची वेळ, घरात उकाडा. शमीम वहिनींनी वारा येतो म्हणून कॉरिडॉरमध्ये चटई घातली आणि तो पत्र्याचा डबा आणून उघडला. भाकरी कुस्करली, दही घातलं, चटणी, वरून तेल, कच्चा कांदा. तिन्ही घरांची पंगत बसली. शर्माजी तर या वेळी उघडपणे खात होते.

आप्पा दारात येऊन उभे राहिले. मग न बोलावता शर्माजींच्या शेजारी बसले.

"आप्पा, कडक आहे हो, जमेल ना?" वहिनींनी विचारलं.

"दात नसले म्हणून काय झालं? दही आहे ना!"

दोनदा मागून घेतलं त्यांनी! वर गावच्या पंगतीतल्या गमती सांगितल्या, शर्माजींना मराठीतूनच. साळवी खाणं सोडून बापाकडे बघत राहिला.

तेवढ्यात लाईट आली. "आली, आली!" म्हणत सगळे आपापल्या एसीकडे पळाले.

चार-पाच दिवसांनी, दिवेलागणीला, साळवीची हाक आली. "मोहिते, टॉर्च आण! माझीच लाईट गेलीय!"

बघतो तर काय, कॉरिडॉरमध्ये उजेड, आमच्याकडे उजेड, शेखांकडे टीव्ही चालू. फक्त साळवींचं घर अंधारात. "वायरिंग जळालं वाटतं," म्हणत साळवी इलेक्ट्रिशियनला फोन लावत होता. मी आत जाऊन मेन स्विचवर टॉर्च मारला.

तिथे आप्पा उभे होते. एका हातात ताटली, दुसरा हात स्विचवर.

"लाईट गेली रे," ते म्हणाले, "शमीमला सांग, चटई घाल."