मागावरची बोली

मी ज्या रुग्णालयात काम करते तिथे मला स्वतःचा वॉर्ड नाही. नर्स मानसोपचार विभागाची, पण माझा दिवस इतरांच्या वॉर्डांत जातो. कुणी ऑपरेशननंतर बरळायला लागलं, कुणी औषध घेईना, कुणी नुसतंच रडत बसलं, की तिथल्या सिस्टरचा फोन येतो, "तुमचा पेशंट आहे, या." मग मी वही घेऊन निघते. पंधरा वर्षं झाली, तरी जिना चढताना मनात तेच येतं, आता काय असेल?

त्या हिवाळ्यात पुरुषांच्या सर्जरी वॉर्डातून असाच फोन आला. पेशंट मालेगावचा, साठीतला, उभा जन्म यंत्रमागावर काढलेला. वॉर्डात सगळे त्यांना चाचा म्हणत. डायबेटिसमुळे त्यांच्या पायाची जखम चिघळली होती. ऑपरेशनचं सांगितलं त्या दिवशी त्यांनी मान हलवली, पण दुसऱ्या दिवसापासून बोलणंच टाकलं. डॉक्टर राउंडला आले की भिंतीकडे तोंड करायचे, सहीचा कागद पुढे केला की हात चादरीखाली. फाइलवर लिहिलं होतं, 'बोलत नाही, नजर देत नाही, ऑपरेशनला नकार. मानसिक आजार आहे का पाहावे.'

मी स्टूल ओढून बसले आणि हिंदीतून नेहमीची सुरुवात केली. आज वार कोणता, झोप लागते का, मनात काय येतं. चाचा माझ्या डोळ्यांकडे पाहत नव्हते हे खरं. पण त्यांची नजर भटकतही नव्हती. ती माझ्या मास्कच्या बरोबर मधोमध टेकली होती. थोडा वेळ त्यांनी कशाची तरी वाट पाहिल्यासारखं केलं आणि मग हळूच कूस बदलली. मी वहीत लिहिलं, 'उदास वाटतात, उद्या पुन्हा भेट.' आज ते वाक्य वाचलं की लाज वाटते. मास्ककडे पाहण्याचं मी लिहिलंच नाही, कारण त्याचं काय करायचं ते कळलं नव्हतं.

पण ते डोक्यातून जाईना. इतक्या वर्षांत मी पाहिलेली उदास माणसं सहसा काही शोधत नसत. चाचा काहीतरी शोधत होते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भेटीच्या वेळी गेले. चाचांची बायको एक दिवसाआड मालेगावहून एसटीने यायची. दारावरच्या सिक्युरिटीवाल्याने पास बघायला तिला अडवलं होतं. तिने तिथूनच नकाब वर केला, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या चाचांकडे पाहिलं आणि बोलायला लागली. तोंड हलत होतं, आवाज अजिबात नव्हता. चाचा उठून बसले आणि तसंच, आवाज न करता, उत्तर देऊ लागले. मधे दहा-बारा खाटा, नातेवाइकांची गर्दी, जेवणाच्या डब्यांचा आवाज. कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं. ती काहीतरी म्हणाली आणि चाचा चक्क हसले.

ती आत आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन विचारलं. तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. दोघं एकाच कारखान्यात होती. चाचा मागावर, ती पलीकडे कांड्या भरायला, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळायला. माग सुरू झाले की कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे ओठांवरून बोलतात. चाचांचे कान तर केव्हाच गेले होते.

"मग डॉक्टरांना सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"किसी ने पूछा नहीं, सिस्टर," ती म्हणाली. "हमारे उधर तो सब के कान ऐसेच हैं."

तेव्हा सर्दी-तापाची साथ होती आणि आम्हा सगळ्यांना मास्कची सक्ती होती. म्हणजे चाचा दाखल झाल्यापासून त्यांच्याशी जो कुणी बोलायला आला तो तोंड झाकून. ऑपरेशन कसलं, हे त्यांना कळलंच नव्हतं. ड्रेसिंग करणाऱ्याला त्यांनी खुणेने विचारलं, तर त्याने घाईत पायावर हात आडवा फिरवून दाखवला. तो हात गुडघ्याजवळून फिरला. चाचांनी बायकोला सांगितलं, टांग कापणार आहेत. प्रत्यक्षात काढायची होती ती पायाची दोन बोटं.

मी सर्जनला गाठलं. ते म्हणाले, "मी रोज समजावतोय त्यांना. पहिल्या दिवशी तर मान हलवली होती."

"सर, उद्या एकदा मास्क खाली घेऊन सांगाल?" मी म्हटलं.

सकाळी ते खिडकीपाशी, खाटेपासून थोडं लांब उभे राहिले. मास्क हनुवटीवर घेतला आणि एकेक अक्षर ताणून बोलू लागले. चाचांनी हात वर करून थांबवलं. तोंड असं वाकडं केलं तर काही समजत नाही, नेहमीसारखं बोला, असं त्यांनी सांगितलं. सर्जनना हसू आलं. मग त्यांनी दोन बोटं दाखवत साध्या बोलीत सगळं सांगितलं. चाचा बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"घुटना रहेगा?" त्यांनी विचारलं. आवाज इतका मोठा की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"रहेगा."

मागापुढे उभं राहता येईल का, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग एक दिवस मागून घेतला. बायको आल्यावर दोघं बोलली आणि चाचांनी उर्दूत सही केली. मी फाइलवर लिहिलं, 'मानसिक आजार नाही. घाबरले होते. ऐकू येत नाही, मास्क काढून समोरून बोलावे.'

माझं काम तिथे संपलं होतं, पण मी जात राहिले. घरी नाशिक रोडला टीव्हीचा आवाज बंद करून मी बातम्या बघायचे, एक शब्द कळायचा नाही. चाचांना सांगितलं तर त्यांनी मला पानी, बानी, मानी असे तीन शब्द ओठांवर करून दाखवले. तिन्ही अगदी सारखे. मग तुम्हाला कसं कळतं, मी विचारलं. ते म्हणाले, नुसते ओठ बघून भागत नाही, समोरचा माणूस काय म्हणेल याचा अंदाज लागतो. कारखान्यात दिवसभर काय बोलता, हेही विचारलं. सूत तुटलं, चहा आला, कुणाचं लग्न ठरलं. आणि मालक पाठमोरा उभा असला की मालकाबद्दल.

महिन्याभराने ते जखम दाखवायला आले. ती भरली होती, पायात सैल चप्पल होती. दरम्यान कान तपासून त्यांना मशीन मिळालं होतं. ते शर्टाच्या खिशात होतं. का लावत नाही, विचारलं तर म्हणाले, लावलं की पंखा ऐकू येतो, भांडी ऐकू येतात, रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात. बोलणं मात्र अजून तोंड बघूनच कळतं. मग त्यांनी मला मास्क खाली घ्यायची खूण केली आणि घरचे सगळे कसे आहेत ते विचारलं.