हलकी गाडी, भारी गाडी आणि भज्याची मिरची

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील तर ते पुंडलिक मोठेबाबांचे, आणि त्या उपकारांची फेड म्हणून मी त्यांना एक चुकीची गाडी निवडून दिली.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मला त्यांनी सायकलच्या दांड्यावर बसवून अकोटच्या शाळेत नेलं. कृषी पदवीला प्रवेश मिळाला तेव्हा माझी लोखंडी पेटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन ते होस्टेलचे तीन मजले चढले. आणि पदवीदानाचा माझा फोटो तर ते देव्हाऱ्यातच लावायला निघाले होते! त्यांच्या बायकोने, म्हणजे मोठीआईने, अडवलं. म्हणाली, “देवाले काही जागा ठेवसान का नाई?”

सध्या मी अमरावतीला एका क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेच्या मुलांना ‘शेती’ हा विषय शिकवतो. (हे वाक्य कृपया लक्षात ठेवू नका. पुढे मला त्रास होईल.)

मोठेबाबांची अकोटजवळ रोपवाटिका आहे. मिरची, वांगी, टमाट्याची रोपं प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये वाढवायची आणि लावणीच्या दिवशी शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन द्यायची. यात एक मोठी गोम आहे. बोटभर रोप पाहून ते कोणत्या जातीचं, हे घेणाऱ्याला कळत नाही. कळतं दोन महिन्यांनी, फळ लागल्यावर. म्हणजे शेतकरी रोप विकत घेत नाही, देणाऱ्याची जबान विकत घेतो. मोठेबाबांच्या जबानीवर पंचक्रोशीतले लोक डोळे मिटून लावणी करत. इतक्या वर्षांत त्यांचा एक ट्रे इकडचा तिकडे झाला नव्हता.

रोपं पोचवायला भाड्याची गाडी वेळेवर मिळेना, तेव्हा स्वतःची पिकअप घ्यायचं ठरलं. मोठेबाबांचा मला फोन आला.

“बबलू, दोन परकारच्या गाड्या हायेत म्हणते. एक हलकी, एक भारी. आपल्याले हलकी पायजे. तू शिकेल हायस, पाहून घेजो.”

यातलं ‘तू शिकेल हायस’ एवढंच माझ्या कानात शिरलं. बाकीच्या वाक्यातला ‘हलकी’ हा शब्द मात्र मला टोचत राहिला. आता तुम्हीच सांगा, हलकं म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं? हलकं कापड. हलकं बियाणं. हलक्या कानाचा माणूस. आणि भारी म्हटलं की? भारी साडी, भारी जेवण, भारी जावई! ज्या माणसाने माझी पेटी डोक्यावर वाहिली त्याने उतारवयात हलक्या गाडीत बसायचं? आणि ती निवडणार कोण, तर मी?

शोरूममधला विक्रेता माझ्याच वयाचा होता. त्याने विचारलं, “गाडीत काय न्यायचं सर?”

“रोपं.”

“मग लाइट ड्यूटी घ्या. रोपाचं वजन ते किती असणार!”

“ओला ट्रे उचलला आहे का कधी?” मी क्लासमधल्या आवाजात विचारलं. “आणि उद्या धंदा वाढला तर?”

“मग तेव्हा हेवी घ्या ना सर.”

स्वस्तातली गाडी घ्या म्हणणारा विक्रेता आयुष्यात एकदाच भेटतो. त्याच्या पाया पडायला हवं होतं. मला वाटलं, हा आम्हाला हलके लोक समजतोय!

“चारचौघांत कोणती भारी दिसेल ते सांगा.”

“दिसायला तर हेवीच सर.”

“मग झालं!”

मी बाहेर येऊन फोन लावला. “मोठेबाबा, भारीच घेतली!”

“भारी?” त्यांनी विचारलं. मग ते म्हणाले, “बरं. तू पायली ना? मग चांगलीच असन.”

(हे वाक्य आजही आठवलं की जिथे असेन तिथे मी खाली पाहतो.)

गाडी गावात आली. हार झाला, नारळ झाला, चाकाखाली लिंबं झाली. जो येई तो म्हणे, “भारी हाय बापा गाडी!” आणि मी जणू ती माझ्याच शेतात उगवल्यासारखा शेजारी उभा. मोठेबाबा मात्र मागे गेले, हौद्यावर दोन्ही तळवे ठेवून त्यांनी सगळा भार टाकला. गाडी तसूभरही दबली नाही.

“स्प्रिंगचे पाटे लय ताठ हायेत रे हिचे,” ते म्हणाले.

“ताठच पाहिजेत मोठेबाबा! दीड-पावणेदोन टन ओढते ती.”

“हो. पण आपलं रोप काही टनाचं नसते.”

मी हसलो. समजूतदारपणे हसलो! शिकलेला माणूस न शिकलेल्याला पाहून हसतो ना, तसा.

पहिली फेरी दर्यापूरच्या अलीकडे नानाभाऊंच्या शेतात होती. नानाभाऊ हे मोठेबाबांचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. त्यांना भज्याची मिरची लावायची होती, लांब, जाड आणि अजिबात तिखट नसलेली. त्यांच्याच शेजाऱ्यांसाठी दुसरे ट्रे होते जहाल तिखट मिरचीचे. हौद्यात डावीकडे भज्याची, उजवीकडे तिखट. गाडी मी चालवत होतो, मध्ये मोठेबाबा, खिडकीशी मोठीआई.

आमच्याकडचे डांबरी रस्ते काळ्या मातीवर बसलेले आहेत. पावसात माती फुगते, उन्हात आकसते, आणि रस्ता पापडासारखा वर-खाली होतो. अशा रस्त्यावर पोट भरलेली भारी गाडी डुलत जाते. रिकाम्या पोटाची भारी गाडी मात्र बेडकासारखी जाते!

पहिल्या उडीला मोठेबाबांची टोपी छताला लागली. दुसऱ्या उडीला मोठीआई ओरडली, “अबे हळू घे! पोटातलं पानी हालून राहिलं!” तिसऱ्या उडीनंतर मी आरशात पाहिलं, तर मागे हौद्यात रोपं हवेत! ट्रे एक वीत वर जाऊन खाली येत होते, आणि प्रत्येक उडीला दहा-वीस रोपं मातीच्या गड्ड्यासकट बाहेर पडत होती.

गाडी थांबवली. मोठेबाबा खाली उतरून पाहत राहिले. “हिले वजन पायजे,” एवढंच म्हणाले.

आणि तिथे माझी पदवी कामाला आली! रस्त्याच्या कडेला एस.टी.ची वाट पाहणारे नऊ जण आणि दोन बकऱ्या उभ्या होत्या. मी म्हटलं, “चला, दर्यापूरच्या वाटेवर सोडतो.” सगळे चढले. गाडी खरोखर दबली, उड्या बंद झाल्या. मी मोठेबाबांकडे विजयी नजरेने पाहिलं. (“पाहिलं? बूड जड झालं की झालं!” असं म्हणालोही.)

मला जे ठाऊक नव्हतं ते असं, की वऱ्हाडातला माणूस फुकट बसून राहत नाही. मागच्या नऊ जणांना सांडलेल्या रोपांची दया आली. “बिचाऱ्याचं नुकसान होऊन राहिलं, भरा रे भरा!” म्हणत त्यांनी एकेक रोप उचललं आणि दिसेल त्या ट्रेच्या दिसेल त्या खणात खोचलं. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. शेवटी सगळे ट्रे अगदी भरगच्च, नीटनेटके! उतरताना एक म्हातारा मला म्हणालाही, “सारं जागच्या जागी लावून देल्लं बरं बापू. तेवढे चार रोपं बकरीनं खाल्ले.”

नानाभाऊंच्या बांधावर पोचलो. हौदा उघडताच रोपं मिसळल्याचं मोठेबाबांच्या लक्षात आलं, तेवढ्यात नानाभाऊंनी त्यांना चहाला ओढून नेलं. मी आणि मोठीआई मिसळलेल्या ट्रेंपुढे उभे.

“तू बाजूले हो,” मोठीआई पदर खोचत म्हणाली. “मी निवडतो. तिखटाच्या पेऱ्यावर जांभळा ठिपका राह्यते, भज्याच्या नाई.”

“मोठीआई, तो ठिपका थंडीनेही येतो. ते शास्त्रीय लक्षण नाही. जातीची ओळख पानाच्या रुंदीवरून करतात.”

“पन मी तीस वर्सापासून...”

“मी हे शिकवतो ना!”

तिने खोचलेला पदर सोडला. मी दोन तास पानांच्या रुंदीवरून रोपं निवडली. मोठेबाबा परत आले, ट्रेंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “बरोबर निवडले ना?”

“शास्त्रशुद्ध!”

आणि त्यांनी नानाभाऊंना सांगितलं, “लावा बिनधास्त. माही जबान हाय.”

दोन महिन्यांनी नानाभाऊंची पहिली तोडणी दर्यापूरच्या एका भजेवाल्याकडे गेली. पहिलं भजं एका एस.टी. कंडक्टरने खाल्लं. त्याला घंटीही वाजवता येईना आणि बोलताही येईना, फक्त हाताने पाण्याची खूण करत होता. गाडी अर्धा तास उभी. प्रवाशांना आधी वाटलं, संप झाला. भजेवाल्याने राहिलेली टोपली नानाभाऊंच्या अंगणात आणून ओतली. तिकडे शेजाऱ्यांची ‘तिखट’ मिरची हिरवीच कुटली, तर ठेचा असा निघाला की लहान मुलं बोटाने चाटून खात होती!

बातमी मला अमरावतीत कळली. मोठेबाबांचा फोन नाही. मीही केला नाही. सकाळी क्लासमध्ये ‘रोपवाटिका व्यवस्थापन’ हा धडा आला, तो मी मुलांना घरी वाचायला सांगितला.

पंधरा दिवस असे काढले. मग दर्यापूरची एस.टी. धरली आणि नानाभाऊंच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. मला पाहताच तेच म्हणाले, “ये बापू. तुह्या मोठेबाबाले आता दिसत नाई रे.”

“कोण म्हणालं?”

“तोच! इथंच उभा राहून हात जोडले त्यानं मले. म्हने, नानाभाऊ, डोयानं दगा देल्ला, माह्याच हातानं ट्रे बदलले. आता का करता? गावातल्या चौघांनी त्याच्याकडचं रोप बंद केलं. म्हातारपन हाय, चालतेच.”

मग मी सगळं सांगितलं. गाडी, उड्या, नऊ जण, बकऱ्या, पानाची रुंदी. नानाभाऊंनी शांतपणे ऐकलं.

“तू कॉलेज शिकेल हायस ना?”

“हो.”

“आन तिकडे अमरावतीले का शिकवतं?”

“...शेती.”

त्यांनी आत वळून बायकोला हाक मारली, “अवं, भाईर ये! पाय कोन आलं हाय!”

त्या दिवशी अमरावतीला परतल्यावर मी मोठेबाबांना लावायला फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. शेवटी पत्र लिहिलं. ते असं :

ती. मोठेबाबांस,

साष्टांग नमस्कार.

तुमचे डोळे चांगले आहेत, हे मी आज नानाभाऊंच्या गावात सांगून आलो. तुम्ही माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतलीत. तसं करायला नको होतं, असं म्हणण्याचाही मला हक्क नाही, कारण पंधरा दिवस मी ती तुमच्याच अंगावर राहू दिली.

नानाभाऊंनी त्या चौघांना बोलावून माझ्या तोंडून सारं पुन्हा वदवून घेतलं. दुसऱ्यांदा सांगताना जास्त लाज वाटते, हे मला नव्याने कळलं. चौघेही पुढच्या हंगामाची रोपं तुमच्याकडूनच घेणार आहेत. त्यांची अट एकच, गाडीत मी नसावं. मोठीआईला माझा नमस्कार सांगा. जांभळा ठिपका मी वहीत लिहून घेतला आहे आणि सोमवारी मुलांना शिकवणार आहे. कोणाकडून शिकलो, तेही सांगणार आहे.

आणखी एक. तुम्हाला दिसत नाही म्हणून नानाभाऊंनी गुरुवारच्या मोतीबिंदूच्या शिबिरात तुमचं नाव घातलं होतं. ते मी खोडायला गेलो. शिबिरातल्या बाई म्हणाल्या, जागा रिकामी ठेवता येत नाही. म्हणून माझं नाव लिहून आलो. त्यांनी वय विचारलं, मी सव्वीस सांगितलं. मग त्यांनी विचारलं, दिसेनासं कधीपासून झालं?

म्हटलं, पदवी मिळाल्यापासून.

तुमचा,
बबलू