उशाशी उभं दार

कुणाच्याही घरात गेली की ती आधी माणसाचं तोंड बघायची नाही, पलंगाचं डोकं बघायची. उशाकडची बाजू. तिथं टेकायला काही नसलं, नुसती भिंत असली, की हिचं चित्त उडालंच. चहा पुढं आला तरी नजर तिकडंच. शेवटी विचारायचीच, "बाय, हितं बसतेस तवा पाठ कशावर टेकतेस?" आणि दोन दिवसांत काहीतरी घेऊन त्यांच्या दारात हजर. सगळं गाव तिला टेकूकाकी म्हणायचं. मी तिचा नवरा. चौथी शिकलेला. जन्मभर लोकांच्या वाडीत माडावर चढून नारळ पाडले. मला गोड बोलता येत नाही, तेव्हा लिहिताही येणार नाही.

आमचं घर रेवदंड्याच्या बाजूला, खाडीपासून हाकेवर. भिंतींना बारा महिने ओल. टेकलं की चुना पाठीला लागायचा. तिला दमा होता, आडवं पडलं की जीव कोंडायचा. म्हणजे तिचं झोपणंसुद्धा बसूनच. दुकानातला कोरीव पाठीचा पलंग आमच्यासाठी नव्हता. मला त्याची लाज वाटायची, तिला कधी वाटली नाही. "लाकूड त्यांचं, पाठ माझी," म्हणायची. "पाठीला काय कळतंय नक्षी?"

पहिला टेकू तिनं झापाचा केला. मी पाडलेल्या झावळ्या तिनंच विणल्या, बांबूच्या चौकटीला दुहेरी बांधल्या आणि चौकट सुंभानं पलंगाच्या पायांना आवळली. दोन पावसाळे टिकला, मग त्याला कीड लागली. दुसरा जाळ्याचा. तिच्या एका कोळीण मैत्रिणीनं फाटकं जाळं दिलं होतं. ते तिनं चौकटीवर ताणून बसवलं आणि वरून गोधडी शिवली. टेकायला झकास, पण बोंबलाचा वास काही जाईना. मांजरं येऊन पलंगाभोवती बसायची. मी म्हटलं, "हे भंगार आदी भायेर काढ." ती म्हणाली, "मांजरं तुमच्यापेक्षा बरी. जवळ तरी बसतात."

सगळ्यात सोपा टेकू तिनं गावभर वाटला. भिंतीत दोन खुंट्या, त्यांच्यावर आडवी काठी, काठीवर चौघडी घातलेली गोधडी. झालं. कुणाच्या सुनेला मूल झालं की आमची ही डिंकाच्या लाडवाआधी दोन खुंट्या घेऊन जायची. "पाजताना बाईच्या पाठीला कायतरी पायजेल. भिंत गार असते, तिला माणसाची वळख नसते." खुंट्या ठोकायला अर्थातच मी. मी शिव्या घालत ठोकायचो आणि ती त्या घरच्या माणसांना सांगायची, "त्यांच्या बोलण्याकडं बघू नका, खुंटीकडं बघा. सरळ हाय का नाय?"

शेवटचा टेकू म्हणजे दार. मी ज्या वाडीत काम करायचो, तिथल्या मालकांनी मागच्या बाजूला लोखंडी दार बसवलं. जुन्या दाराची सागवानी फळी विहिरीजवळ पडून होती. हिनं ती पाहिली आणि मालकिणीकडून मागून घेतली. डोक्यावर वाहून आणली मी. उंचीला जास्त होती, खालून कापली आणि पलंगाच्या डोक्याकडं उभी ठोकली.

मी म्हटलं, "उशाला दार लावतेस? पलीकडं कोण ऱ्हातंय?"

"भिंत ऱ्हाते. तुमच्यासारकीच. आयकत नाय."

दाराची लोखंडी कडी मी काढायला गेलो तर काढू देईना. कडीला तिनं कापडी पिशवी अडकवली, दम्याच्या पंपाची. पुढं पुढं दमा इतका वाढला की हाक मारायला आवाज निघायचा नाही. मग ती कडी वाजवायची. आमची बाग म्हणजे घरामागं सात-आठ माड, तिथपर्यंत खणखण ऐकू यायची. मी असेन तिथून ओरडायचो, "आलोच!" आणि जायचो. कधी पाणी, कधी पंप, कधी नुसतं, "बसा वाईच." शेवटची दोन वर्षं ती त्या पलंगावरून फार उठली नाही. खोली, पलंग, दार. मी तिला म्हणायचो, "कोंडून घातल्यागत झालीस." ती म्हणायची, "दार हाय की उशाशी."

पोरगा सांगत होता, आता माडावर चढू नका. मी ऐकलं नाही. त्या दिवशी दुपारी मी घरामागच्या माडावर होतो. कडी वाजली. मी ओरडलो, "आलोच!" हाताशी नारळांची एक पेंड होती, म्हटलं एवढी काढून उतरतो. कडी पुन्हा वाजली. मग नाही वाजली. तेव्हा मी घाईनं उतरलो, शेवटचं दोन पुरुष अंतर घसरत आलो आणि गुडघा गेला. फरफटत घरात पोचलो. ती दाराला टेकून बसलेली. हात कडीवर.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही जवळ असतात तरी काही झालं नसतं. डॉक्टर माडावर नव्हते. मुलाला, संतोषला, मी एवढंच सांगितलं की मी आलो तर ती गेलेली. कडी ऐकली होती हे सांगितलं नाही. जन्मभर ज्याला त्याला तोंडावर बोललो, हे एक बोलता आलं नाही.

संतोषचं घर अलिबागला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. त्यानं आणि शेजाऱ्यानं मला खुर्चीत बसवून वर आणलं, त्यानंतर मी खाली गेलेलो नाही. सून चांगली आहे. माझ्यासाठी नवा पलंग घेतला, उशाकडं गुबगुबीत गादी, बटणं मारलेली. त्यावरचं प्लॅस्टिक काढलेलं नाही, खराब होईल म्हणून. घामानं पाठ त्याला चिकटते. खिडकीच्या जाळीतून एका माडाचा शेंडा दिसतो, अगदी माझ्या डोळ्यांसमोर. जन्मभर जिथं चढून जायचो तितक्याच उंचीवर आता बसलोय, आणि उतरता येत नाही.

गावचं घर संतोषनं पर्यटकांना द्यायचं ठरवलं. आता सगळेच देतात. एका रविवारी तो सुताराला घेऊन आवराआवर करायला जाणार होता. शनिवारभर मी दाराचं बोलायचं म्हणून तोंड उघडत होतो आणि दुसरंच काहीतरी बोलत होतो. माडांना पाणी घाल. कौलं बघ. तिच्या ज्या टेकूंना मी तिच्या तोंडावर भंगार म्हटलं, त्यातलाच एक आणून दे कसं म्हणू? आणि का, असं त्यानं विचारलं तर?

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. "बाबा, आईचा तो दाराचा टेकू आहे ना, तो टाकत नाही हं. सुतार म्हणतो, शहरातल्या लोकांना असलं लई आवडतं. घासून पॉलिश मारतोय. फक्त ती कडी काढतो. वाजते उगाच."

मागं करवत चालल्याचा आवाज येत होता.

"कडी काढू नको."

"अहो, गंजलीय ती."

"संतोष, कडीला हात लावू नको. तिनं वाजवली होती. मी ऐकली होती. दोनदा. मी वर नारळ काढत बसलो."

पलीकडं त्यानं करवत थांबवली. मग म्हणाला, "बाबा, फोन ठेवतो."

मला वाटलं, आता हा आठ दिवस घरी येणार नाही. संध्याकाळी जिन्यात धापा ऐकू आल्या. संतोष एकटा, पाठीवर दार घेऊन. तिसऱ्या मजल्यापर्यंत. त्यालाही आईसारखीच धाप लागते, हे मला तेव्हा कळलं. बटणांची गादी उचकटली, तिथं दार उभं केलं, मला काखेत धरून टेकवलं आणि पंख्याखाली जाऊन बसला. तिथूनच म्हणाला, "पॉलिश नाही मारलं."

दारावर तिच्या डोक्याच्या तेलाचा काळपट डाग आहे. ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी. डाग माझ्या मानेशी येतो. तिथं डोकं लावायचं तर खाली सरकावं लागतं, गुडघा दुखतो. सरकतो.

सुनेनं कडी पुसून, तेल घालून दिली. म्हणाली, "बाबा, काही लागलं तर वाजवा. मी स्वयंपाकघरात असते. आलेच."

मी अजून एकदाही वाजवलेली नाही.